मदत हवी आहे: आईला हेपॅटायटिस सी आणि मधुमेह दोन्ही, मेटफॉर्मिन वाढवल्यानं खरंच फायदा होतो का?

नमस्कार मंडळी,

आई 58 वर्षांची, गावी असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत हेपॅटायटिस सी (यकृताला सूज आणणारा विषाणू) पॉझिटिव्ह आलं. नंतरच्या आरएनए तपासणीतही विषाणू सापडला. 1993 साली धाकट्या भावाच्या वेळी सिझर झालं होतं, तेव्हा तिला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. रक्तपेढ्यांत या विषाणूची चाचणी सक्तीची झाली ती 2001 पासून. म्हणजे बहुधा इतकी वर्षं तो तिच्या अंगात होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

यकृत किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन 8.4 आला, सिरोसिस (यकृत कायमचं खराब होणं) नाही. सरकारी कार्यक्रमातून सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या विषाणूवरच्या गोळ्या मोफत सुरू झाल्यात. एकूण 12 आठवडे, आता चौथा चालू आहे. मधुमेह नऊ वर्षांपासून आहे. मेटफॉर्मिन 500 दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड 1 मिग्रॅ.

आता अडचण. मामा निवृत्त शिक्षक आहेत, घरात त्यांचा शब्द मोडायची पद्धत नाही. त्यांना कुठूनतरी एक शोधनिबंध मिळाला: मेटफॉर्मिन जोडीला दिलं की हेपॅटायटिस सी बरा व्हायचं प्रमाण वाढतं. त्यांनी आईला फोनवर सांगितलं, दोनाच्या तीन गोळ्या घे. तिनं घेतल्या, चार दिवस, आम्हाला न विचारता.

परवा सकाळी साडेअकराला पोळ्या लाटता लाटता तिचा हात थरथरायला लागला. लाटणं खाली ठेवून ओट्याला धरून उभी राहिली, कपाळावर घाम, बोलणं जडावलेलं. भाऊ घरात होता म्हणून बरं. मशीनवर साखर 61. साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी 94 झाली. तिची वही बघितली तर उपाशीपोटीचे आकडे औषध सुरू व्हायच्या आधी 150-160 होते, दुसऱ्या आठवड्यात 121, तिसऱ्यात 98. ती खुशीत होती, साखर सुधारली म्हणून.

मी तो निबंध आणि त्याच्या आसपासचं बरंच वाचून काढलं. काम खरं आहे, मामांनी काही मनाचं सांगितलं नव्हतं. स्पेनमधला अभ्यास, 2009 सालचा. विषाणूच्या जीनोटाइप 1 या प्रकाराचे, इन्सुलिन नीट लागू न पडणारे 123 रुग्ण. इंटरफेरॉन आणि रायबाव्हिरिन या तेव्हाच्या औषधांच्या जोडीला मेटफॉर्मिन 850 मिग्रॅ तीनदा. बरे झाले 53 टक्के, मेटफॉर्मिनशिवाय 42 टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. फक्त बायकांमध्ये मोठा दिसला, 58 विरुद्ध 29. मामा नेमकं हेच वाक्य धरून बसलेत. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्याच दुसऱ्या गोळीचंही असंच उलटसुलट: इजिप्तमध्ये जीनोटाइप 4 च्या रुग्णांत फायदा दिसला, तर स्वित्झर्लंडमध्ये आधीच्या उपचारानं बरे न झालेल्या पहिल्या पाचांपैकी एकालाही पुरेसा फरक पडेना, म्हणून अभ्यास थांबवला.

माझा प्रश्न असा: हे सगळं इंटरफेरॉनच्या काळातलं. आजच्या गोळ्यांना ते लागू होतं का? आणि साखर कमी झाली ती जास्तीच्या मेटफॉर्मिननं की आणखी कशानं? आमची पुढची तारीख सोमवारची आहे. कुणाच्या घरी दोन्ही आजार एकत्र असतील तर अनुभव सांगा, प्लीज. मला रात्री झोप लागत नाहीये.

– कृष्णाकाठची

प्रतिसाद (जास्वंदी)

ताई, सोमवारपर्यंत थांबू नका. आजच डॉक्टरांना फोन करा आणि 61 हा आकडा सांगा. मी अकरा वर्षं यकृताच्या ओपीडीत सिस्टर आहे, म्हणून हक्कानं सांगतेय.

हा विषाणू स्वतःच इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो. पेशीला इन्सुलिनचा निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांत ढवळाढवळ करतो. नव्या गोळ्यांनी तो दोन-चार आठवड्यांत रक्तातून जवळजवळ नाहीसा होतो आणि तेच इन्सुलिन पुन्हा लागू पडायला लागतं. मग जो डोस काल बरोबर होता तो आज जास्त होतो. आईंच्या वहीतले आकडे तेच सांगताहेत. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर इतकी खाली सहसा जात नाही, माझा संशय ग्लिमेपिराइडवर आहे. मात्र कुठली गोळी किती कमी करायची ते डॉक्टरच ठरवतील, तुम्ही किंवा मी नाही.

मामांना एवढंच सांगा. इंटरफेरॉनच्या काळी आमच्याकडे लोक 48 आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन घ्यायचे. ताप, अंगदुखी, केस गळणं, उदासी. इतकं सोसून जीनोटाइप 1 चे साधारण निम्मेच बरे व्हायचे, इन्सुलिन लागू न पडणारे त्याहून कमी. तेव्हा दहा टक्क्यांसाठी मधुमेहाची गोळी जोडून बघणं शहाणपणाचंच होतं. आता या गोळ्यांनी 95 टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त लोक बरे होतात. मेटफॉर्मिननं त्यात भर घालायला जागाच उरलेली नाही.

आणि कुणी उलट टोकाला जाऊन 'लिव्हरला त्रास म्हणून मेटफॉर्मिन बंदच कर' म्हणालं तर तेही ऐकू नका. मूत्रपिंड नीट असेल आणि यकृत फार खालावलेलं नसेल तर ते चालू ठेवतात.

पुन्हा मी (कृष्णाकाठची)

जास्वंदीताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तिथल्या तिथे फोन लावला. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करायला सांगितलं, मेटफॉर्मिन पूर्वीसारखं दोनदाच. साखर दिवसातून तीनदा तपासायची, आणि सोफोसबुव्हिर-डॅक्लाटासव्हिरचा एकही दिवस चुकवायचा नाही. आज सकाळी उपाशीपोटी 112 आली.

मामांना तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "निबंधाचं साल मी बघितलंच नव्हतं गं." संध्याकाळी आईला स्वतः फोन करून तिसरी गोळी बंद कर म्हणाले.

एक राहिलंय. कोर्स संपल्यावर आणखी 12 आठवड्यांनी विषाणूची तपासणी करायची आहे. त्यानंतरही साखर अशीच राहिली का, की हळूहळू परत चढली? ज्यांच्याकडे वर्ष-दोन वर्षं झाली असतील त्यांनी कृपया लिहा.