एकवीरेच्या चैत्र यात्रेत कार्ल्याचे चैत्यगृह बंद ठेवावे का?

सह्यवाट:
लोणावळ्याजवळच्या कार्ला लेण्यातील चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाच्या, तोंडाशीच एकवीरा आईचे मंदिर असल्यामुळे चैत्र यात्रेत सारी गर्दी लेण्याच्या अंगणात दाटते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या या चैत्याच्या छताला मूळच्या लाकडी कमानी आहेत, स्तूपावर लाकडाचीच छत्री आहे, आणि ओसरीतली दांपत्यशिल्पे तर सहज हात पोहोचेल इतकी जवळ. म्हणून यात्रेच्या मुख्य दिवसांत मंदिर खुले आणि चैत्यगृह कुलूपबंद असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दर्यावर्दी:
हे मत मला पटत नाही. एकवीरा ही आम्हा कोळ्यांची आणि आगऱ्यांची कुलदेवता. पालखीबरोबर डोंगर चढणाऱ्या कित्येक बायाबापड्यांचे पाय वर्षातून त्या एकाच दिवशी कार्ल्याला लागतात, आणि नेमके तेव्हाच कुलूप घातले, तर लेणे फक्त सवडीने सहलीला येणाऱ्यांचे उरेल. तिथले शिलालेख काय सांगतात? वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे बड्या व्यापाऱ्याने, जंबुद्वीपातले हे सर्वोत्तम शैलगृह पूर्ण केल्याचे मिरवले आहे खरे, पण धेनुकाकट या गावच्या सुताराचे, गंध विकणाऱ्याचे आणि यवनांचेही, म्हणजे ग्रीकांचेही, लेख तिथेच आहेत. चारचौघांच्या दानातून उभ्या राहिलेल्या वास्तूला चारचौघांचेच वावडे का असावे?

सह्यवाट:
दान देणारे सामान्य होते, हे मान्य. पण त्यांनी दिलेले लाकूड झिजले तर पुन्हा तसे मिळणार नाही. सिंहस्तंभ चैत्याच्या डाव्या हाताला अजून उभा आहे, उजवीकडे मात्र जोडीचा स्तंभ दिसत नाही, मंदिर दिसते. जे गेले ते गेले. उरलेल्याबाबत तरी भीड नको.

लेणेवेडी:
दोघांनीही पावसाळी रविवार विसरावा, याचे नवल वाटते. यात्रेकरूची ओढ देवीकडे असते, तो खांबांवर नावे कोरायला आलेला नसतो. लोणावळ्याची सहल आटोपून वर आलेली टोळकी मात्र स्तूपाला टेकून फोटो काढतात. आत एका वेळी ठरावीकच माणसे सोडावीत आणि हा नियम बारा महिने पाळावा. ज्यांना निवांत पाहायचे आहे, त्यांनी जवळचे बेडसे लेणे गाठावे. तिथलेही चैत्यगृह देखणे आहे आणि गर्दी बेताची.

दर्यावर्दी:
बारमाही नियमाला आमची हरकत नाही, मात्र पालखीच्या दिवशी आत सोडण्याचे काम आमच्याच गावच्या स्वयंसेवकांकडे द्यावे, कारण त्या गर्दीत बाहेरच्या पहारेकऱ्याचे कोणी ऐकत नाही.