ओतायच्या ट्रेमध्ये रोज सांडासांड, काय चुकतंय?

ओलीचिंब: मुलगी तीन वर्षांची. घरी माँटेसरी पद्धतीने ट्रेमध्ये प्लास्टिकचे दोन जग ठेवते, एक पाण्याने काठोकाठ भरलेला. ती दोनदा ओतते आणि मग सांडलेल्या पाण्यात हात आपटत बसते. दाखवताना मी प्रत्येक पायरी सांगतेही. गुलाबी मनोऱ्याची, म्हणजे एकावर एक रचायच्या लहानमोठ्या घनांची, तर आगगाडीच होते. या खेळांनी हात तयार होतो म्हणतात, तो नेमका कसा? आणि माझी मांडणी कुठे चुकतेय?

चिमूटभर: पहिली चूक काठोकाठ. जग जेमतेम अर्धा भरा. दुसरी चूक प्लास्टिक. हलका जग किती कलला हे मनगटाला कळतच नाही, म्हणून एकदम भसकन ओततात. काचेचा किंवा चिनी मातीचा, साधारण 150–200 मिलिलिटरचा, मुलीच्या मुठीत कान मावेल असा घ्या. दोन्ही जग सारखेच हवेत, म्हणजे पाणी परत ओतता येतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. ही पुनरावृत्तीच तर हवी असते.

आठवडाभर पाणी बाजूला ठेवा. आधी मोठे कोरडे दाणे, मग बारीक, मग पाणी. दाणे सांडले तर मोजून उचलता येतात.

दाखवताना बोलू नका. या वयात मूल एकतर तोंडाकडे बघतं, नाहीतर हाताकडे. एका हाताने कान, दुसऱ्याची दोन बोटं चोचीखाली. चोच दुसऱ्या जगाच्या मधोमध, पण काठाला न टेकवता. हळू ओता आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा. ते थांबणं मुलं हुबेहूब उचलतात! ट्रेमध्ये छोटा स्पंज ठेवा आणि पुसणंही दाखवा. एक हात धरतो, दुसरा आधार देतो, डोळे पातळीवर. हाताची तयारी म्हणतात ती हीच.

दहावा_ठोकळा: मनोऱ्याबद्दल. दहा घन, बाजू 1 सेंटिमीटरपासून 10 सेंटिमीटरपर्यंत. रंग आणि आकार एकच, बदलतं फक्त माप, म्हणून लक्ष मापावरच जातं. रंगीबेरंगी मनोरा घेतलात तर हा मुद्दाच गेला. घन एकेक करून चटईवर आणायला लावा. मोठा घन दोन्ही हातांनी धरावा लागतो, सर्वांत छोटा चिमटीत, म्हणजे फरक हातालाही कळतो. रचून झाल्यावर घन एका कोपऱ्याला जुळवले तर प्रत्येक पायरी बरोबर 1 सेंटिमीटर उरते, आणि छोटा घन तिथे चपखल बसतो. हे मात्र सांगू नका, तिला सापडू द्या.

मूल अजून वस्तू तोंडात घालत असेल तर तो छोटा घन काढून ठेवा.

चिमूटभर: चूक स्वतःच कळणं मनोऱ्यापेक्षा दट्ट्यांच्या ठोकळ्यात, म्हणजे सिलिंडर ब्लॉकमध्ये, जास्त ठळक. लाकडी ठोकळ्यात वेगवेगळ्या मापांच्या दहा खाचा, त्यांत बसणारे मूठवाले दहा दट्टे. एक चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक उरतो आणि तो बसत नाही. मोठ्यांनी ‘चुकलं’ म्हणायची गरजच नाही. शिवाय दट्ट्याची मूठ अंगठा आणि दोन बोटांत धरतात, पुढे पेन्सिल धरतात तशीच. ही पद्धत सुरू करणाऱ्या मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, रोममध्ये 1907 साली उघडलं. एका तीन वर्षांच्या मुलीने हे दट्टे चाळीसहून जास्त वेळा काढून बसवल्याचं माँटेसरींनी नोंदवलंय. मध्येच ‘शाब्बास’ म्हटलं की ही तंद्री मोडते.

ओलीचिंब: भरलेला जग कोणत्या बाजूला? आणि आगगाडी मोडायची का?

दहावा_ठोकळा: उजवखोरी असेल तर भरलेला उजवीकडे, डावखोरी असेल तर उलट; दोन्ही जगांच्या चोची आतल्या बाजूला. आगगाडीत घन मोठा ते छोटा अशा क्रमाने लावत असेल तर ते मापाचंच काम आहे, बसू द्या. नुसतं ढकलत ‘कू’ करत असेल तर मनोरा उचलून साधे ठोकळे द्या, रागावायचं कारण नाही.