शब्दचर्चा : ‘टेलेस्टियल’ म्हणजे काय, आणि ही कल्पना आली कुठून?

प्रश्न : मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाविषयी वाचताना मरणोत्तर गतीचे तीन दर्जे भेटले : सेलेस्टियल, टेरेस्ट्रियल आणि टेलेस्टियल. पहिले दोन शब्द (स्वर्गातला आणि पृथ्वीवरचा) ओळखीचे आहेत, तिसरा माझ्याकडच्या कोशात नाही. तो ग्रीक आहे का? आणि हे तीन दर्जे पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने अठराव्या शतकातला स्वीडिश गूढवादी स्वीडनबोर्ग याच्याकडून उचलले असं म्हणतात, त्यात तथ्य किती?

प्रतिसाद : शब्द स्मिथचाच. काहीजण त्याचा संबंध ग्रीक ‘टेलोस’शी, म्हणजे ‘शेवट’शी जोडतात, पण तो अंदाज आहे. मला तर तो आधीच्या दोन शब्दांच्या नादावर बेतलेला वाटतो. त्याची गरज का पडली हे मात्र नीट दाखवता येतं. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात प्रेषित पौल शरीरं दोनच प्रकारची सांगतो, स्वर्गातली आणि पृथ्वीवरची. पण लगेच पुढच्या ओळीत तेजं तीन सांगतो, सूर्याचं, चंद्राचं आणि ताऱ्यांचं. ताऱ्यांच्या वाट्याला शब्दच उरत नाही. स्मिथने बायबलची जी सुधारित आवृत्ती केली, तिच्यात नेमक्या याच ओळीत ‘टेलेस्टियल’ घालून जोडी पुरी केली आहे. त्यामुळे शब्दापुरता उगम पौलापाशीच सापडतो, स्वीडनबोर्गपर्यंत जायला नको.

प्रतिसाद : शब्दाचं पटलं. पण स्वीडनबोर्गला इतक्या लवकर निरोप देऊ नका. त्याचं स्वर्ग-नरकावरचं पुस्तक १७५८ चं. त्यात तीन स्वर्ग आहेत आणि सगळ्यात वरच्याचं नाव ‘सेलेस्टियल’च आहे. शिवाय वरच्या राज्यातल्या देवदूतांना प्रभू सूर्यासारखा दिसतो आणि त्याखालच्यांना चंद्रासारखा, असंही तो सांगतो. हा निव्वळ योगायोग म्हणायचा?

प्रतिसाद : साम्य आहेच. पण दोघांनीही पौल वाचला होता, आणि त्याच पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्रात ‘तिसऱ्या स्वर्गा’चा उल्लेख केला आहे. एकाच विहिरीवर दोघं पाणी भरत असतील तर एकाने दुसऱ्याच्या घागरीतून घेतलं असं म्हणायला वेगळा पुरावा लागतो. आकडा किंवा नाव जुळतं का यापेक्षा ही मांडणी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते, ते मला महत्त्वाचं वाटतं. स्वीडनबोर्गच्या जगात दुष्ट माणूस आपल्या ओढीने नरकात जातो आणि तिथेच राहतो. स्मिथकडे खोटारडे, व्यभिचारी, जादूटोणा करणारे हे सगळे शिक्षा भोगून शेवटी बाहेर येतात आणि टेलेस्टियल तेज मिळवतात. तेही माणसाच्या समजुतीपलीकडचं आहे, असं तो म्हणतो. कायमचे बाहेर राहतात ते फक्त ‘विनाशाचे पुत्र’, म्हणजे सत्य पुरतं कळूनही ते नाकारणारे.

दुष्टांचं शेवटी काय होतं, हा प्रश्न स्मिथच्या घरातलाच होता. आजोबा एसाएल स्मिथ हे युनिव्हर्सलिस्ट, म्हणजे देव अखेर सगळ्यांनाच तारतो असं मानणारे. १७९७ साली व्हरमाँटमधल्या टनब्रिज गावात त्या मताची मंडळी स्थापन झाली, तिच्यात ते होते आणि जोसेफचे वडीलही होते. आई मात्र प्रेस्बिटेरियन, म्हणजे देवाने निवडलेलेच तरतात असं मानणाऱ्या मंडळीत गेली. सगळे तरतील की थोडेच, हा वाद ज्या घरात होता तिथल्या मुलाने दर्जांची उतरंड मांडावी हे मला फार स्वाभाविक वाटतं. १६ फेब्रुवारी १८३२ रोजी ओहायोतल्या हायरम इथे स्मिथ आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन बायबलच्या त्याच सुधारित आवृत्तीसाठी योहानाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायातली २९ वी ओळ सुधारत होते. चांगल्यांचं आणि वाइटांचं पुनरुत्थान सांगणारी ही ओळ. त्या दोन गटांवर विचार चालू असतानाच तीन दर्जांचा साक्षात्कार झाला, असं त्यांनी नोंदवलं आहे. स्मिथनंतर पंथाचा प्रमुख झालेल्या ब्रिगम यंगला सुरुवातीला तो पचला नव्हता. आपल्याला आधी मिळालेल्या शिकवणुकीच्या अगदी उलट आहे, असं त्याने नंतर सांगितलं.

प्रतिसाद : आणि स्वर्गातला विवाह? १७६८ च्या पुस्तकात स्वीडनबोर्ग खरं दांपत्य मरणानंतरही टिकतं म्हणतो. स्मिथचा तसा साक्षात्कार १२ जुलै १८४३ ला लिहून घेतला गेला.

प्रतिसाद : इथे तुमची बाजू जास्त भक्कम आहे. स्वीडनबोर्गचं नाव तोवर स्मिथच्या कानावर होतं, अशी एडवर्ड हंटर या सुरुवातीच्या मॉर्मन अनुयायाची आठवण आहे. तरी फरक सोडू नये : स्वीडनबोर्गकडे मनं जुळणं पुरतं, स्मिथकडे अधिकार असलेल्या पुरोहिताने इहलोकी ‘सीलिंग’, म्हणजे जोडप्याला कायमचं बांधणारा विधी, करावं लागतं. त्याचा सगळा भर अधिकारावर आहे, आणि तो स्वीडनबोर्गमधून येत नाही.

प्रतिसाद : मग मराठीत काय लिहावं? स्वर्गीय, पार्थिव आणि...?

प्रतिसाद : ती जोडी टाळा. आपल्याकडे नावामागे ‘स्वर्गीय’ लागलं की माणूस गेलेला असतो आणि ‘पार्थिव’ म्हणजे अंत्यदर्शनाला ठेवलेला देह. सूर्यतेज, चंद्रतेज, तारातेज असं लिहा. पौलाची उपमाही राहते आणि तिसऱ्यासाठी शब्द घडवावा लागत नाही. पहिल्या उल्लेखाशेजारी मूळ नावं मात्र देवनागरीत द्या.