पाहुणा कंडक्टर आणि ऑर्केस्ट्रा

कंडक्टर म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर उभा राहून हाताने लय दाखवणारा. 'पाहुणा कंडक्टर तीन-चार दिवस येतो, हातवारे करून जातो, वाजवणारे तेच. मग फरक काय?' असं काहीजण विचारतात. हा मुद्दा मला अर्धाच पटला. अंगवळणी पडलेली रचना असेल तर ऑर्केस्ट्रा स्वतःच्या बळावर निभावून नेतो, हे मान्य. पण बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीची (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेची) सुरुवातच घ्या. पहिला ठोका रिकामा आहे. कंडक्टरचा हात खाली येतो तेव्हा आवाज नसतोच. तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट त्यानंतर अर्ध्या मात्रेने एकदम सुटतात. हात ओळखीचा नसेल तर तिथेच फजिती! शिवाय चौथ्या, लांबवलेल्या सुरावर किती थांबायचं, हे प्रत्येकाचं वेगळं.

प्रादेशिक ऑर्केस्ट्रात तालमी मोजक्याच मिळतात. म्हणून शहाणा पाहुणा भाषणं ठोकत नाही. व्हायोलिनचा गज कुठे वर, कुठे खाली, हे शक्यतो वादकांच्या प्रतींवर आधीच लिहून पाठवतो आणि तालमीत फक्त अडणाऱ्या जागा घेतो. (पहिल्या दहा मिनिटांत वादकांनी त्याला जोखलेलं असतं म्हणतात. मला ते खरं वाटतं.)

आणि हे येणं-जाणं म्हणजे पुष्कळदा दोन्ही बाजूंची चाचपणी असते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ऑर्केस्ट्राकडे बघा: मिर्गा ग्राझिनिते-टिला ही कंडक्टर आधी पाहुणी म्हणून आली, २०१६ मध्ये संगीत दिग्दर्शक, म्हणजे ऑर्केस्ट्राची सांगीतिक प्रमुख झाली. काझुकी यामादा २०१८ पासून तिथे प्रमुख पाहुणा कंडक्टर होता, २०२३ मध्ये मुख्य कंडक्टर झाला. नुसत्या हातवाऱ्यांवर कोण एवढं सोपवेल?