पाळीव कुत्र्याला घेऊन बेकरीत शिरणे कितपत योग्य?

पेठकरी :
गेल्या रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास राजारामपुरीतल्या एका बेकरीत पाव आणायला गेलो होतो. रविवारी सकाळी कोल्हापुरात पावाला किती झुंबड असते ते वेगळे सांगायला नको; घरी मिसळीचा कट मंद आचेवर ठेवूनच निम्मे लोक बाहेर पडलेले असतात. दुकान जेमतेम दहा फूट रुंद, भट्टीतून आलेल्या पावाच्या लाद्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये जमिनीवरच एकावर एक रचलेल्या, आणि आम्ही सात-आठ जण त्या क्रेटना खेटून उभे. तेवढ्यात एक तरुण आपला लॅब्रॅडॉर घेऊन आत आला. कुत्रा देखणा होता आणि स्वभावानेही गरीब वाटला. पण त्याचे नाक नेमके वरच्या क्रेटच्या उंचीला येत होते. त्याने दोन लाद्या हुंगल्या, तिसरीला नाक टेकवले आणि पावाच्या तपकिरी पाठीवर ओला ठिपका उमटलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. काउंटरवरच्या मुलाने नेमकी तीच लादी उचलून माझ्यापुढच्या आजींच्या पिशवीत घातली. मी ती बदलायला लावली, तेव्हा तो तरुण हसून म्हणाला, "काका, तो काही करत नाही."

कुत्रा चावेल असे मी म्हटलेच नव्हते. पाव घरी नेऊन कोणी धूत नाही किंवा पुन्हा शिजवत नाही, तो तसाच रश्शात बुडवून खाल्ला जातो, एवढेच माझे म्हणणे होते. कायद्याची बाजूही यात अगदी स्पष्ट आहे. अन्नव्यवसायांच्या परवान्याचे आणि नोंदणीचे जे विनियम २०११ साली आले, त्यांच्या चौथ्या अनुसूचीत प्राणी, पक्षी आणि पाळीव जनावरे यांना अन्न आस्थापनेच्या जागेत येऊ देऊ नये, असे म्हटले आहे. म्हणजे जबाबदारी दुकानदाराची आहे. परंतु गिऱ्हाईक तुटेल या भीतीने दुकानदार तोंड उघडत नाही, आणि दुकानदार काही बोलत नाही याचा अर्थ आपल्याला परवानगी आहे असा श्वानप्रेमी लावतात. माझ्या मते खाद्यपदार्थांच्या दुकानात पाळीव प्राणी आणणे अयोग्यच आहे. आपणास काय वाटते?

रंकाळाफेरी :
पेठकरी काका, त्या पावाबद्दल तुमचा राग रास्त आहे आणि त्या मुलाने कुत्र्याचा पट्टा आखडून धरायला हवा होता, हे मी स्वतः कुत्री पाळत असूनही मान्य करते. मात्र एका बेशिस्त तरुणावरून तुम्ही सरसकट बंदीवर गेलात, हे पटले नाही. माझी कुत्री नऊ वर्षांची आहे, तिला दरवर्षी रेबीजची लस दिली जाते, दर तीन महिन्यांनी जंताचे औषध दिले जाते आणि आठवड्याला आंघोळ घातली जाते. मी एकटी राहते. पहाटे रंकाळ्याला फेरी मारून येताना वाटेतच दूध आणि भाजी घेते. तिला बाहेर खांबाला बांधून आत गेले, तर दोन मिनिटांत गल्लीतली पाच-सहा भटकी कुत्री तिच्याभोवती जमतात. एकदा तिचा कान फाटला, त्याला टाके घालावे लागले. अशा वेळी आम्ही करायचे तरी काय?

शिवाय ज्या दुकानात माझ्या कुत्रीला मज्जाव आहे, तिथला दुकानदार प्लास्टिकची पिशवी उघडण्यासाठी अंगठ्याला थुंकी लावतो आणि तरीही ती उघडली नाही तर तोंडाने फुंकर मारतो. जिलेबीवर माश्या बसतात त्या कोणाला दिसत नाहीत. आणि गंगावेशीतल्या दूधकट्ट्याचे काय? तिथे म्हैस रस्त्यावर उभी असते, बाजूला शेण पडलेले असते, आणि आपणच पाहुण्यांना कौतुकाने नेऊन धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला त्यांच्या हाती देतो. तिथे कोणाला चौथी अनुसूची आठवत नाही!

गंगावेसकर :
ताई, कट्ट्यावरच्या म्हशीला या वादात ओढायला नको होते. म्हैस दुकानात आलेले गिऱ्हाईक नाही, दूधच तिचे आहे. धार काढण्यापूर्वी कास धुतली जाते, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार पेल्यात पडते, आणि ज्याला ती नको असेल तो पुढे निघून जातो. तुमच्या कुत्रीने हुंगलेला पाव मात्र कोणाच्या ताटात जाईल, हे त्या खाणाऱ्याला कधीच कळत नाही. माझ्या दृष्टीने फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिसचे जंतू येऊ शकतात, हे मलाही ठाऊक आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यभर धारोष्ण दूध प्यायले. मी नातवाला मात्र तापवूनच देतो. पण एका ठिकाणी आपण चुकत असलो, तर तो दुसऱ्या ठिकाणी चुकण्याचा परवाना होत नाही.

लक्ष्मीपुरी_धान्यवाला :
मी घाऊक धान्याचा व्यापारी आहे, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या कुत्र्याबद्दल बोलण्याआधी स्वतःच्या मांजराबद्दल बोलणे भाग आहे. आमच्या गोदामात तीन पिढ्या मांजर आहे. आजोबा म्हणायचे, की गोदामाला कुलूप आणि मांजर दोन्ही लागतात. उंदीर एका रात्रीत गोणीचा कोपरा कुरतडतो, आणि त्याने खाल्लेल्या धान्यापेक्षा त्याने मुतून खराब केलेले धान्य कितीतरी अधिक असते. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापुरात कोणाला शिकवण्याची गरज उरलेली नाही. पिंजरे लावून पाहिले, चिकटपट्ट्या लावून पाहिल्या; विषारी गोळ्या धान्याशेजारी ठेवण्याचे धाडस मात्र झाले नाही.

तरीही खरे ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात आजरा घनसाळची एक गोणी फोडायला गेलो, तर वरच्या दोन गोण्यांच्या बेचक्यात मांजरी व्यालेली. चार पिल्ले, खाली ओले झालेले तागाचे पोते, आणि त्या पोत्यातून आत झिरपलेला वास. घनसाळचा वास हीच त्याची किंमत असते, हे तांदूळ ओळखणाऱ्याला सांगायला नको. ती गोणी मला बाजूला काढावी लागली आणि पुढचे आठ दिवस हमालांनी तो कोपरा शिवला नाही. त्यानंतर मी जमिनीपासून फूटभर उंच लाकडी फळ्या टाकल्या, भिंतीतली बिळे सिमेंटने बुजवली, शटरखालच्या फटीला पत्रा लावला. उंदीर खूपच कमी झाले. मांजर अजून आहे, पण ती आता अंगणात असते. नियमावर बोट ठेवले तर मी आजही पूर्ण निर्दोष नाही. म्हणूनच गिऱ्हाइकाला "कुत्रा बाहेर ठेवा" म्हणताना माझा आवाज जरा खाली येतो.

पशुवैद्य_करवीर :
वरील चर्चेत भीती एका बाजूला आणि धोका दुसऱ्या बाजूला अशी गल्लत झाली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कुत्र्याने हुंगलेल्या पावातून रेबीज होत नाही. त्याचा विषाणू लाळेतून, चाव्याच्या जखमेवाटे किंवा डोळे-तोंडाच्या ओल्या त्वचेवाटे शरीरात शिरतो. केसांतून जंत होतात, ही समजूतही बरीचशी ढिली आहे, कारण गोलकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला साधारण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. साल्मोनेला मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. कच्चे मांस किंवा कोंबडीची आतडी-पंजे खाणारा कुत्रा स्वतः ठणठणीत दिसत असताना हे जंतू बाळगून असू शकतो, आणि आपल्याकडे कुत्र्याला चिकनच्या दुकानातले कच्चे तुकडे घालणारी घरे कमी नाहीत. मांजराच्या विष्ठेतून येणारा टोक्सोप्लाझ्मा गरोदर स्त्रियांसाठी घातक ठरू शकतो. धान्यवाले साहेब, तांदूळ शिजतो म्हणून तुमचे निभावते, पण पोत्यांत हात घालणाऱ्या बायकांचा विचार करा.

त्यामुळे पेठकरींनी काढलेला मुद्दा मला अधिक नेमका वाटतो: पदार्थ उघडा आहे का, आणि तो पुन्हा शिजणार आहे का? बंद पाकिटांच्या दुकानात पट्ट्याला धरलेला कुत्रा दारापाशी दोन मिनिटे उभा राहिला, तर आरोग्याच्या दृष्टीने आभाळ कोसळत नाही. पाव, पेढे, फरसाण, कापलेली फळे यांच्या दुकानात तो नकोच. आणि मी स्वतः नको म्हणतो त्याचे मुख्य कारण जंतू नाहीत, जागा आहे. दहा फुटांच्या दुकानात गर्दीत कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडतो, तो वळून दात लावतो, आणि "काही करत नाही" म्हणणारा मालक माझ्या दवाखान्यात येऊन शपथेवर सांगतो, की असे यापूर्वी कधीच झाले नव्हते. तेही बहुधा खरेच असते.

उत्तरेश्वर७२ :
अंध व्यक्तीबरोबरच्या प्रशिक्षित कुत्र्याबद्दल कोणीच बोलले नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यामुळे अशा कुत्र्याला दुकानात आणि उपाहारगृहात सहसा अडवता येत नाही. माझा मावसभाऊ दृष्टिहीन आहे; तो पांढरी काठीच वापरतो, कारण असा कुत्रा आपल्याकडे सहजी मिळतच नाही. पण उद्या कोणाबरोबर आला, तर त्याला शौकाने आणलेल्या कुत्र्याच्या रांगेत बसवू नये.

पेठकरी :
उत्तरेश्वर, हा अपवाद मला पूर्ण मान्य आहे आणि मूळ मजकुरात तो लिहायला हवा होता. रंकाळाफेरी ताई, भटक्या कुत्र्यांची तुमची अडचण खोटी नाही, हेही मान्य. तरीपण तुमची अडचण सोडवण्यासाठी माझ्या पुढच्या आजींनी ओला पाव का खावा, या प्रश्नाचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. थुंकी लावणाऱ्या दुकानदाराला आपण दोघांनी मिळून बोलूया, मी तयार आहे.

रंकाळाफेरी :
आजींनी तो पाव खाऊ नये, हे मी पहिल्याच वाक्यात लिहिले होते, काका. माझे मागणे इतकेच आहे, की "नाही" म्हणताना दुकानदाराने बाहेर काहीतरी सोय करावी: भिंतीला एक कडी, थोडी सावली आणि आतून दिसेल अशी जागा. मी पट्टा बांधेन, दारातूनच पैसे देईन, आत पाऊल टाकणार नाही. दूधवाल्यांनी माझ्यासाठी एवढे केले आहे. पिशवी दारात आणून देतात. बाहेर टेबले मांडलेल्या उपाहारगृहांत मात्र मी तिला माझ्या खुर्चीखाली बसवणार, तिथे मला कोणी उठवू नये.

गंगावेसकर :
उघड्यावरच्या टेबलाला माझी हरकत नाही. फक्त तिला ताटलीतले भरवू नका. माणसांच्या ताटलीत कुत्र्याला आइस्क्रीम चाटवणारे एक जोडपे मी गेल्या महिन्यात पाहिले, आणि ती ताटली पुढे कोणाला गेली असेल या विचाराने माझे आइस्क्रीम तसेच राहिले.

पेठकरी :
आज पुन्हा त्याच बेकरीत गेलो होतो. मालक गल्ल्यावर होते, म्हणून त्यांना नियम सांगितला. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्यास अन्नसुरक्षा कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हेही सांगितले. ते म्हणाले, "साहेब, ते पोरगं रोज चार लाद्या नेतं, त्याला कसं बोलू?" मी म्हटले, त्याला बोलू नका, क्रेट तरी उचला. त्यांनी मुलाला हाक मारून मागचा लोखंडी स्टँड पुढे आणवला आणि लाद्या कमरेच्या वर चढवल्या. कडीचेही सुचवून आलो आहे. त्यावर त्यांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते गर्दीत नीट दिसले नाही.