विळा नाही, मग कापणी कसली?

मुक्ता_भा: उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांवरचा एक मजकूर मुलांसाठी मराठीत आणतेय. साधारण भाद्रपदात ते तळ्यात होडी घालून ‘मनोमिन’ हे पाण्यात उगवणारं धान्य गोळा करतात. एक जण लांब वाशाने होडी रेटतो. दुसरा एका काठीने ताटं होडीवर वाकवतो आणि दुसरीने वरून मारतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात पडून पुन्हा उगवतात. मी लिहिलं, ‘भाताची कापणी’. सासूबाईंनी वाचलं आणि विचारलं, “विळा कुठाय?”

गुहागरकर: झोडणी लिहा की.

वाकडं_बोट: झोडणी म्हणजे कापलेल्या पेंढ्या आपटणं. उभं पीक झोडपतो तो पाऊस.

मिनेसोटावासी: आणि इथे झोडपून चालतच नाही. नियमाने काठी ३० इंचांहून लांब नको, वजन १ पौंडाच्या आत. टपटप मारायचं, ताट मोडता कामा नये. पुढचं सोपं आहे: कढईत भाजतात, खड्ड्यात घालून मऊ पादत्राणांनी तुडवतात, बर्च झाडाच्या सालीच्या सुपात पाखडतात.

वाकडं_बोट: ते सूप पुढून उघडं असतं का? नसेल तर सूप नाही.

मिनेसोटावासी: चारही बाजूंना काठ असतो. पण पाखडतातच ना!

शब्दव्रती: मुळात ‘भात’ का? आपोआप उगवणाऱ्या रानभाताला संस्कृतात नीवार आहे.

गुहागरकर: नीवार मुलांना कोण समजावणार? आमच्याकडे देवभात म्हणतात. पाणथळीत आपोआप उगवतो, बैलाचे कष्ट नाहीत, म्हणून ऋषिपंचमीला चालतो. महिनाही तोच निघाला! आजी टोपली धरून ओंब्या झाडायची. बोरं झाडतात तशी.

मुक्ता_भा: ‘झाडणी’! हे जमेल?

वाकडं_बोट: झाडणी म्हटलं की केरसुणी आठवते.

हिरवी_वही: देवभात आणि नीवार आपल्या तांदळाच्या प्रजातीतले. मनोमिन म्हणजे झिझानिया, प्रजातीच वेगळी. शिवाय त्यांच्या परंपरेत ‘जिथे अन्न पाण्यावर उगवतं तिथे थांबा’ या भाकितामुळे लोक पूर्वेकडून महासरोवरांपाशी (ग्रेट लेक्स) आले. त्याला आपला देव कशाला चिकटवायचा? मनोमिनच ठेवा. मेनॉमिनी जमातीचं नावही त्याच शब्दावरून आलंय.

शब्दव्रती: मनोमिन, मन, मनोमन... विचार करण्यासारखं आहे.

हिरवी_वही: नाहीये. ‘मिनो’ म्हणजे चांगलं आणि ‘मिन’ म्हणजे बोरासारखं फळ, दाणा, अशी फोड सांगतात. तीसुद्धा सगळ्यांना पटत नाही.

वाकडं_बोट: गुहागरकर, भाताच्या ओंब्या नसतात. ओंब्या गव्हाच्या, भाताच्या लोंब्या.

गुहागरकर: आजी ओंब्याच म्हणायची. तिला भात कळत नव्हता का?

मुक्ता_भा: मजकूर उद्या द्यायचाय. कापणी खोडून तिथे सध्या तीन टिंबं आहेत.

शब्दव्रती: आमच्याकडे लोंबीसुद्धा नाही. लोंब.