पुण्याहून बंगळुरूला घरसामान : पॅकर्सवाल्यांबद्दल विचारणा

स्नेहल (सी-७०२): नमस्कार मंडळी. यांची बदली बंगळुरूला झालीये, महिनाअखेरीस टू बीएचकेचं सगळं सामान न्यायचंय. एका साइटवर नंबर टाकला तर सकाळपासून फोन थांबत नाहीत. एक जण ४२ हजार म्हणतो, दुसरा १९ हजारांत करतो, पण ५ हजार आजच पाठवा म्हणतो. कुणाचा अनुभव?

मीनल (बी-४०४): स्नेहल, पैसे पाठवू नकोस!! माझ्या नणंदेचं नागपूरला जाताना हेच झालं. फोनवर स्वस्त भाव, घर बघायलाही कुणी आलं नाही. सामान भरून गाडी गेली आणि संध्याकाळी फोन: माल जास्त निघाला, जीएसटी वेगळा, ई-वे बिलाचे (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचे) वेगळे, नाहीतर सामान गोडाऊनला उतरवतो. मुलांची पुस्तकं, औषधं, सगळं त्यात. पोलीस म्हणाले आपसातलं प्रकरण आहे. शेवटी ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे देऊन सामान सोडवलं.

अमोल (ए-६०१): वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागतच नाही, नियमातच सूट आहे. जकात तर २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईतूनही गेली. तरी लोकांकडून ‘नाक्याचे’ पैसे घेतातच.

कुलकर्णी काका (ए-१०३): स्नेहल, मी विमा कंपनीत मालवाहतुकीचेच दावे पाहायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडी गेटबाहेर पडली की दोरी त्यांच्या हातात जाते. त्यामुळे जे काय ठरवायचं ते माल चढण्याआधी आणि कागदावर. घरी येऊन सामान न बघता भाव सांगणारा पहिल्याच फेरीत बाद कर. भावात पॅकिंग, हमाली, जिना, जीएसटी, उतरवणं सगळं धरून एकच आकडा लिहून घे.

बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टरची पावती, घेतल्याशिवाय गाडी सोडू नकोस. कोटेशन म्हणजे बिल्टी नव्हे. माल देताना एक फॉर्म भरून घेतात, त्यात सामानाची किंमत लिहायची असते. हमाल घाईघाईत ‘घरसामान, १० हजार’ लिहून सही मागतात. तिथे थांब. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या नियमांत नुकसानभरपाई साधारण भाड्याच्या १० पटींपर्यंतच, आणि तीही लिहिलेल्या किमतीच्या वर नाही. जास्त जोखमीचा दर, म्हणजे जास्त भरपाईसाठी जास्त भाडं, ठरवला असेल तरच वेगळं. म्हणजे ३ लाखांच्या सामानापुढे १० हजार लिहिलेस, तर हातात १० हजारच.

आणि ‘इन्शुरन्स ३ टक्के’ म्हणून पैसे घेतील. विमा कंपनीचं नाव आणि तुझं नाव असलेली पॉलिसी आधी माग. पुष्कळदा ते पैसे त्यांच्याच खिशात जातात, पॉलिसी निघतच नाही.

स्नेहल: काका, कंपनी खरी की खोटी कसं कळायचं? नाव तर टीव्हीवरच्या मोठ्या कंपनीसारखंच आहे.

अमोल: नावावर जाऊ नका. जीएसटी नंबर मागा आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाका. नाव, पत्ता, नोंदणी चालू की रद्द, सगळं दिसतं. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. पैसे त्याच नावाच्या खात्यात जायला हवेत, कुणाच्या पर्सनल यूपीआयवर नाही. ट्रकचा नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर बघता येतो.

मीनल: आणि दागिने, कागदपत्रं, लॅपटॉप स्वतःबरोबर. प्रत्येक खोक्यावर नंबर, फोटो आणि यादीवर त्यांची सही. फ्रिज-टीव्ही चालू असल्याचा व्हिडिओही. नणंदेच्या फ्रिजचं दार वाकलं होतं, आधीचा फोटो नाही म्हणून काहीच बोलता आलं नाही.

कुलकर्णी काका: नुकसान झालं तर डिलिव्हरीच्या कागदावर तिथेच लिही, ‘तपासून घेतले’वर सही नको. लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत जायला हवी, नाहीतर पुढे दावाच चालत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार बंगळुरूच्या जिल्हा ग्राहक आयोगातही करता येईल, आता तक्रारदार राहतो तिथे दाखल होते.

स्नेहल: आत्ताच १९ हजारवाल्याकडे जीएसटी नंबर मागितला. त्याने पाठवला तो भलत्याच नावाचा, तोही रद्द झालेला! ब्लॉक केलं. ४२ वाल्याला शनिवारी घर बघायला बोलावतेय. काका, तेव्हा याल का प्लीज?

कुलकर्णी काका: येतो. कोटेशन त्याच्यासमोरच वाचू.

सेक्रेटरी: स्नेहल, तारीख ठरली की कळव. लिफ्ट राखून ठेवतो. गेटवर ट्रकचा नंबर आणि ड्रायव्हरचं लायसन्स नोंदवल्याशिवाय वॉचमन गाडी बाहेर सोडणार नाही, तसं सांगून ठेवतो.